न खायचा मासा

यॉर्कशायरमधील नद्यांवर ब्राउन ट्राउट या माशाचा हंगाम २५ मार्चला उघडतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. उरलेल्या काळात या माशासाठी गळ टाकणे कायद्याने मना आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. त्या दिवसाला जे महत्त्व, तेच इथल्या गळकऱ्यांच्या लेखी २५ मार्चला असते. फरक इतकाच की इथे नारळ नाही, गाणे नाही आणि गर्दी तर नाहीच. काठावर एखाददुसरा माणूस उभा असतो, त्याच्या हातात बहुधा थर्मामीटर असतो आणि तो बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत असतो. दुसरा फरक याहून मोठा आहे. नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात येणारा मासा बाजारात जातो आणि तिथून कुणाच्या तरी ताटात. इथे पकडलेला मासा बहुतेक वेळा परत नदीतच जातो.

या दुसऱ्या फरकाविषयी मला लिहायचे आहे. गेली बारा वर्षे मी व्हार्फ नदीवर फ्लाय फिशिंग करतो आहे. माझे बालपण मात्र सिंधुदुर्गात, गड नदीच्या काठी गेले. तिथे मासा हा आधी जेवणाचा विषय असतो आणि मग बाकी सगळ्याचा. आमच्याकडे गळाला 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणे'. प्रमाण मराठीत यासाठी 'गळ टाकून मासे पकडणे' असे चार शब्द खर्चावे लागतात, म्हणून या लेखात मी गरवणे हेच क्रियापद वापरणार आहे. गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा गरीला टोचून खाडीत सोडणे आणि पिसाच्या बनावट माशीने ट्राउटला फसवणे, या दोन्ही क्रियांना एकच क्रियापद लावावे की नाही, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

आधी नदीविषयी. व्हार्फ ही पेनाइन डोंगरांत, लँगस्ट्रॉथडेल नावाच्या खोऱ्यात जन्मते. चुनखडीच्या प्रदेशातून, दगडी बांधांनी आखलेल्या कुरणांमधून ती केटलवेल, ग्रासिंग्टन, बर्न्सॉल या गावांवरून खाली येते. बोल्टन ॲबीच्या वरच्या अंगाला 'स्ट्रिड' या ठिकाणी ती खडकाच्या एका चिंचोळ्या फटीत शिरते. फट इतकी अरुंद की उडी मारून ओलांडता येईल असे वाटावे, आणि ज्यांना तसे वाटले त्यांतल्या अनेकांना त्या पाण्याने गिळले आहे. पुढे इल्क्ली, ऑटली, वेदरबी करत ती सखल प्रदेशात ऊझ नदीला मिळते. इल्क्लीमध्ये रोमन काळातील एक दगडी वेदी सापडली आहे. तिच्यावर वर्बेया नावाच्या देवीला केलेल्या अर्पणाचा लेख आहे, आणि ही वर्बेया म्हणजेच व्हार्फची देवता असावी असे अभ्यासक मानतात. वेदी उभारणारा होता रोमन सैन्यातील एका गॉलिश पलटणीचा अधिकारी. परमुलखात येऊन पडलेल्या माणसाने तिथल्या नदीशी संधान बांधावे, ही गोष्ट या काठावर तशी जुनीच म्हणायची.

हंगामाच्या सुरुवातीचे पाणी म्हणजे वितळलेल्या बर्फाचे आणि पावसाचे पाणी. त्याचे तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असते. ट्राउट हा थंड रक्ताचा प्राणी, त्यामुळे पाणी गार असेल तर त्याचे सगळेच मंद चालते. शिवाय तो नुकताच विणीतून बाहेर पडलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फळवली की वर पुन्हा खडी ओढते. पाणी जितके थंड तितकी उबवण लांबते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले पोटाला लागलेल्या बलकावर जगत काही आठवडे त्याच खडीत दडून राहतात. म्हणजे हंगाम उघडतो तेव्हा पुढची पिढी अजून तळाच्या दगडगोट्यांत असते. त्यामुळे मार्चमध्ये पाण्यात उतरणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो पाय कुठे ठेवायचा नाही याचा. स्वच्छ, फिकट, हलक्या हाताने पसरल्यासारखी दिसणारी खडी दिसली की तिला वळसा घालून जायचे.

अशा वेळी मासा खातो काय? दिवसभर फारसे काही नाही. पण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, हवा जराशी उबदार झाली की, नदीतून काही कीटक वर येऊ लागतात. त्यांतला प्रमुख म्हणजे बेटिस रोडानी, ज्याला इथे 'लार्ज डार्क ऑलिव्ह' म्हणतात. नावात 'लार्ज' असला तरी तो आपल्या करंगळीच्या नखाएवढाच असतो. हा ज्या गणातला, त्या गणाचे शास्त्रीय नाव एका दिवसाचे आयुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. ते नाव अर्धेच खरे आहे. या कीटकाची बाल्यावस्था नदीतळाशी, दगडांच्या खाली, काही महिने चाललेली असते. त्या अवस्थेला इंग्रजीत निंफ म्हणतात. तोच शब्द जलदेवतांनाही वापरतात. एके दुपारी ही निंफ तळ सोडून पृष्ठभागाकडे येते, तिची पाठ उकलते आणि आतून पंख असलेला राखी-हिरवा जीव बाहेर पडतो. तो उडून काठावरच्या झुडपात जातो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतरही कात टाकणारा आज पृथ्वीवर कीटकांचा हा एकच गण आहे. यानंतर त्याला खायचे नसते, कारण त्याचे तोंडच निकामी झालेले असते. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचे.

ट्राउटला यांतला एकच क्षण हवा असतो. निंफ वर पोचलेली आहे, पाण्याच्या ताणलेल्या पातळ पडद्याखाली अडकली आहे, पाठ अर्धी उकलली आहे, पंख अजून ओले आहेत. ती आता खाली पोहून जाऊ शकत नाही आणि वर उडूही शकत नाही. हा क्षण काही सेकंदांचाच असतो. यॉर्कशायरच्या जुन्या गळकऱ्यांनी ज्या माश्या बांधल्या, त्या या काही सेकंदांच्या नकला आहेत.

या माश्यांना इथे 'स्पायडर' म्हणतात, पण कोळ्याशी त्यांचा संबंध दिसण्यापुरताच आहे. त्यांची परंपरा मोठी आहे. डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट या स्कॉटिश गळकऱ्याने १८५७ साली 'द प्रॅक्टिकल अँग्लर' या पुस्तकात मऊ पिसांच्या साध्या माश्यांचा पुरस्कार केला. टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली 'यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज' या ग्रंथात इथल्या नद्यांवरच्या माश्यांची चित्रांसह नोंद केली. एडमंड्स आणि ली यांचे 'ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग' १९१६ साली निघाले. त्याच्या काही मोजक्या प्रतींत खरी पिसे आणि खरे धागे लावलेले होते, कारण रंग छापखान्याच्या शाईवर सोपवायला लेखक तयार नव्हते. आणखी मागे गेले तर १४९६ साली वेस्टमिन्स्टरला छापलेल्या, गळाच्या मासेमारीवरील पहिल्या इंग्रजी पुस्तकात महिन्यांनुसार बारा माश्यांची यादी आहे. तिच्यातली पहिलीच माशी मार्चची, आणि तिचे पंख तित्तिराच्या पिसाचे. आज मार्च महिन्यात माझ्या डबीत ज्या माश्या असतात त्यांतल्या निम्म्या तित्तिराच्याच पिसाच्या आहेत.

या माश्या बांधायला मला शिकवले ते ब्रॅडफर्डच्या एका लोकरीच्या गिरणीत आयुष्यभर रंगारी म्हणून काम केलेल्या वृद्ध गृहस्थांनी. गिरणी केव्हाच बंद पडली, पण रंगाची नजर शाबूत होती. 'वॉटरहेन ब्लोआ' ही हंगामाच्या सुरुवातीची इथली सर्वांत भरवशाची माशी. ब्लोआ हा इथल्या बोलीतला शब्द. आपण ज्याला पारवा म्हणतो त्याच्या जवळपासचा, पाऊस भरून आलेल्या आभाळाचा निळसर करडा रंग. पिवळा रेशमी धागा गळाच्या दांड्यावर गुंडाळायचा, त्याला मोल या बिळात राहणाऱ्या प्राण्याची करडी लव इतकी विरळ लावायची की खालचा पिवळा धागा दिसत राहील, आणि डोक्याशी पाणकोंबडीच्या पंखाखालच्या पिसाचे दोन वेढे द्यायचे. संपली माशी. मी पहिल्यांदा तिसरा वेढा घेऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, "आता ही दुकानात ठेव. तिथे माणसे विकत घेतील. मासे नाही घेणार."

त्यांच्या या बोलण्यामागे एक जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट नदीवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी एक पंथच उभा केला. १८८६ सालच्या त्यांच्या ग्रंथात पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या कशा बांधाव्यात याचा तपशील आहे. पुढे त्यांचा भर अशा माश्यांवर वाढत गेला की ज्या खऱ्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृती असतील: पंख पंखासारखे, शेपटी शेपटीसारखी, नर वेगळा, मादी वेगळी. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० साली 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' लिहून पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली, आणि हा वाद इतका चिघळला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. उत्तरेकडचे लोक या भांडणात फारसे पडले नाहीत. त्यांच्या वेगवान, खडकाळ नद्यांत माशाला निरखून पाहायला वेळच नसतो. पाण्यातून काहीतरी वाहत येते, जिवंत असल्यासारखे हलते, आणि निर्णय तत्काळ घ्यावा लागतो. इथे उपयोगी पडते ते मऊ पीस, जे प्रवाहात मिटते आणि उघडते.

काव्यशास्त्राचा थोडाफार परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. हॅलफर्डची माशी अभिधेने बोलते. तिला जे सांगायचे ते सगळे ती सांगून टाकते. पारव्या पिसाचे दोन वेढे कीटकाचे नाव घेत नाहीत, पण कीटक होण्याची धडपड तेवढी सुचवतात, आणि उरलेला कीटक ट्राउट स्वतः पुरा करतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनीचा विचार मांडला तो सहृदय रसिकासाठी. ट्राउटला सहृदय म्हणावे का, हे मी वाचकांवर सोडतो. कारण या सूचनेचा अर्थ त्याने लावला, तर त्याला मिळतो तो गळ.

एक दिवस सांगतो. मार्च संपत आलेला होता आणि मी बर्न्सॉलच्या खालच्या अंगाला होतो. शेजारच्या कुरणात नवी कोकरे होती, आणि वाऱ्याबरोबर अधूनमधून हिमकण येत होते. पाणी सहा अंशांवर. साडेबारापर्यंत नदीवर काहीही घडले नाही. मग प्रवाहाच्या कडेला एक राखी ठिपका तरंगत आला, त्याच्यामागे आणखी दोन, आणि पंधरा मिनिटांत पाण्यावर लहान लहान करड्या शिडांचा ताफाच उतरला. एका मोठ्या दगडाच्या मागे पाणी जरासे फुगले आणि पुन्हा सपाट झाले. मासा वर आला होता. तीन माश्यांची माळ मी तिरकस, प्रवाहाच्या वरच्या दिशेला टाकली आणि काठी उंच धरून दोरी वाहू दिली. चौथ्या की पाचव्या फेकीला दोरी थबकली. झटका नाही, ओढ नाही. वाहते पाणी क्षणभर थांबावे तसे काहीतरी. हात वर गेला आणि काठी जिवंत झाली.

मासा फूटभरही नव्हता. पाठ जुन्या पितळेच्या रंगाची, कुशीवर काळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये फिकट वलयांत बसवलेले लाल ठिपके. अंग लांबट आणि सडपातळ, त्यामुळे डोके जरा मोठेच दिसत होते. हिवाळ्यातून आणि विणीतून निघालेल्या माशाची ती खूण. गळाला उलटा काटा नव्हता, म्हणून तो दोन बोटांनी सहज निघाला. ओल्या हाताने त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले चारपाच वेळा उघडले, मिटले, आणि तो हातातून निघून गेला. त्यानंतर वीसएक मिनिटांनी कीटक येणे बंद झाले, नदी पुन्हा गप्प झाली आणि त्या दिवसाचा कारभार आटोपला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका एप्रिलमध्ये इथे आले होते. माकडटोपी घालून, दोन स्वेटरांवर माझा कोट चढवून ते काठावरच्या दगडावर बसले. आयुष्यभर त्यांनी गड नदीत आणि खाडीत गरवलेले आहे. गरीला काय लावले की काय लागते, भरतीच्या कोणत्या टप्प्याला शेवटे येतात, हे त्यांना पंचांगासारखे पाठ. त्यामुळे काठी, दोरी, पिसाची माशी हे सगळे त्यांनी कसबी माणसाच्या कुतूहलाने पाहिले. एक मासा लागला, तेव्हा ते उठून पाण्यापर्यंत आले. मी तो सोडला, तेव्हा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खावचो नाय, तर त्येका धरतंस कित्याक?"

मी म्हटले, "आप्पा, ह्यो खेळ आसा."

"खेळ तुझो. त्येचा काय?"

हा प्रश्न भाबडा नाही. तो वाटतो तितका ग्रामीणही नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमावलीने, सोडून देण्याच्याच हेतूने मासे गरवायला बंदी घातली. तिथला कायदा नेमका आप्पांच्या बाजूने बोलतो: पकडायचा असेल तर खाण्यासाठी पकडा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका. विज्ञानही त्यांना अनुकूल होत गेले आहे. २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांभोवती इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे अन्न टाळत आणि त्यांतले काही ओठ खडीवर घासत. माशाच्या मेंदूत ज्या भागाचा अभाव आहे त्यामुळे त्याला आपल्यासारखी वेदना जाणवू शकत नाही, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. पण वाद मिटेपर्यंत शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, माशाला की माझ्या हौसेला, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही.

खेळ म्हणून मासे धरणे ही निव्वळ इंग्रजी खोड आहे, असे म्हणून सुटता येईल, असे एकेकाळी मला वाटण्याजोगे होते. पण तशी सोय इतिहास ठेवत नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणते आमिष, दोरी आणि काठी कशी असावी, याची तपशीलवार माहिती तिथे आहे. मराठी भाषेचे जुने नमुने शोधणारे अभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतात तोच हा ग्रंथ. भुकेसाठी गरवणारे आणि विनोदासाठी गरवणारे असे दोघेही दख्खनमध्ये नऊशे वर्षांपूर्वी होतेच.

आप्पांच्या बाजूलाही एक अडचण आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. कोकणात जूनच्या पहिल्या पावसात मासे नदीतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात, अंडी घालायला. हे चढणीचे मासे. बांबूचे सापळे लावून, जाळी टाकून, कंदील घेऊन, नुसत्या हातांनीसुद्धा ते पकडतात आणि त्या रात्री घराघरांत गाबोळीचा वास दरवळतो. त्या रात्रीचा आनंद मी लहानपणी मनसोक्त घेतला आहे. गावातली वयस्कर माणसे सांगतात की आता पूर्वीसारखे मासे चढत नाहीत. इथे, व्हार्फवर, नेमके त्याच काळात माशाला हात लावायची बंदी. भूक ही निर्मळ गोष्ट आहे आणि ती भरली की थांबते, असे आपण मानतो. पण भूक पंचांग बघत नाही. खेळाला स्वतःची अशी मर्यादा नसते, म्हणून त्याला बाहेरून नियम घालावे लागतात, आणि घातलेला नियम निदान सर्वांना दिसतो. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. अंगावर मांस नसलेला मार्चचा मासा सोडून द्यावा, हे त्यांना तत्काळ पटले. त्याला आधी धरावाच का, हे पटले नाही.

माझे स्वतःचे उत्तर अपुरे आहे, तरी मांडतो. फ्लाय फिशिंग करणाऱ्याला माशापेक्षा माशाचे अन्न अधिक ओळखावे लागते. खाडीत कोळंबीचा तुकडा सोडणाऱ्याला कोळंबी कोणत्या महिन्यात कात टाकते हे ठाऊक नसले तरी चालते. इथे मात्र बेटिस रोडानी कधी वर येते, ती येईनाशी झाली तर का, हे कळल्याशिवाय मार्चमध्ये एकही मासा लागत नाही. आणि एकदा ही ओळख झाली की तिची जबाबदारीही येते. २००७ पासून ब्रिटनमध्ये गळकऱ्यांनी नद्यांतील कीटक मोजण्याची एक योजना चालू आहे. मीही तिच्यात आहे. महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी पाण्यात उभे राहायचे, तीन मिनिटे पायाने तळाचे दगड ढवळायचे आणि वाहून येणारे सगळे जाळीत धरायचे. मग ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून आठ प्रकारच्या जिवांची मोजणी करायची. दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या निंफ, वेगाने पोहणाऱ्या ऑलिव्ह, खड्यांचे घर पाठीवर वागवणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, कोळंबीचा दूरचा नातेवाईक गॅमरस. मोजून झाले की सगळ्यांना परत सोडायचे. प्रत्येक जागेसाठी एक किमान आकडा ठरलेला असतो. त्याच्याखाली मोजणी गेली तर पर्यावरण खात्याला कळवायचे.

हे काम किती गरजेचे आहे ते याच नदीने दाखवले आहे. इल्क्ली येथील व्हार्फचा पट्टा डिसेंबर २०२० मध्ये अधिकृत स्नानस्थळ म्हणून घोषित झाला. इंग्लंडमध्ये नदीला असा दर्जा पहिल्यांदाच मिळत होता. तो नागरिकांनी मागून घेतला होता, कारण तो मिळाला की पाण्याची नियमित तपासणी करणे सरकारला भाग पडते. २०२१ मध्ये पहिले वर्गीकरण आले: निकृष्ट. पाऊस झाला की वरच्या गावांचे मैलापाणी नदीत येते हे सर्वांना माहीत होते. आता ते कागदावर आले. आमच्या जागेवरही एका वसंतात मोजणी एकदम किमान आकड्याखाली गेली. ट्रेमध्ये जिथे शेकड्यांनी ऑलिव्ह वळवळायच्या तिथे बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आम्ही कळवले, अधिकारी आले, पाण्याचे नमुने घेऊन गेले. मासे तेव्हाही होते, पृष्ठभाग तेव्हाही सुंदर होता. काठावरून चालत जाणाऱ्याला कसलाच संशय आला नसता. पुढच्या दोन महिन्यांत संख्या हळूहळू वाढली, पूर्वीइतकी मात्र झाली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग जाळी आणि ट्रे पुरे, गळ कशाला? हा आक्षेप बिनतोड आहे. मी एवढेच सांगू शकतो की महिन्याच्या त्या सकाळी पाण्यात माझ्याबरोबर जी माणसे उभी असतात, ती सगळी गळामुळे तिथपर्यंत आलेली आहेत. गळाशिवाय ती आली असती की नाही, हा तर्क मी त्यांच्या बाजूने चालवू शकत नाही आणि माझ्याही. म्हणून काही बंधने मी घालून घेतली आहेत. एका दिवशी तीन मासे लागले की काठी मिटायची, चौथ्याच्या मागे जायचे नाही. आणि हंगामात एक मासा, जून महिन्यात, तो अंगाने भरल्यावर, क्लबच्या नियमात राहून, घरी आणायचा. तो मी स्वतः मारतो, स्वतः साफ करतो, मीठ-मसाला-हळद लावून रव्यात घोळवून तळतो. चव चांगली असते, बांगड्याची सर येत नाही. पण आपण नदीवर जे करतो ते नेमके काय आहे, याचा वर्षातून एकदा हाताला विसर पडू नये, एवढ्यासाठी तो मासा आवश्यक वाटतो.

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दर वर्षी मार्चअखेर फोनवर विचारतात, "औंदा कितके सोडलंस?" मी माशांचा आकडा सांगतो, तो ते ऐकून घेतात. मग ट्रेमधला आकडा सांगतो: चपट्या इतक्या, ऑलिव्ह इतक्या, गेल्या वर्षीपेक्षा अधिक की उणे. तो मात्र ते पुन्हा विचारून घेतात आणि "ता बरा" म्हणतात. त्यांचा मूळ प्रश्न त्यांनी मागे घेतलेला नाही. मीही त्यांना तशी गळ घातलेली नाही.